दुसरी डिस्क

"काका, तुम्ही परत फाईल बदललीत!"

ती खुर्चीतून उठूनच ओरडली. शेजारच्या दोघांनी घाईनं माना खाली घातल्या.

मुख्य कार्यालयातून दर महिन्याला व्हर्च्युअल मशीनचा नमुना यायचा. एक अख्खा तयार संगणक, दोन-चार फायलींत बांधलेला. तो सर्व्हरवर आत घेतला, की त्याच्याच प्रती साठ जणांच्या टेबलांवर उघडायच्या. आत घ्यायचं काम तिचं. पण फायली आधी विभागातल्या सगळ्यांत जुन्या माणसाच्या, काकांच्या हाताखालून जायच्या.

"मशीनला दुसरी डिस्क जोडणाऱ्या ओळी उडवल्यात. वर पडताळणीचा आकडाही नवा घातलात, म्हणजे कुणाला पत्ता लागायला नको. का?"

काका चष्मा पुसत राहिले. "नको असतात त्या."

"कुणाला?"

"नवीन आहेस, पोरी. विचारू नकोस."

'पोरी' ऐकून तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. नऊ वर्षं हेच काम करून ती इथं आली होती. तिनं मूळ फाईल आणि काकांची फाईल छापली, काढलेल्या ओळींवर लाल रेघा ओढल्या आणि कागद थेट साहेबांच्या टेबलावर आपटले.

साहेबांनी ते दोनदा वाचले. "कधीपासून चाललंय हे?"

"माझ्या डोळ्यांदेखत तीन महिने. आधीचं देव जाणे."

संध्याकाळपर्यंत काकांचा खण रिकामा झाला. जाताना ते तिच्यापाशी थांबले, काही बोलायला गेले. पण साहेब दारातच उभे होते. तिनं मानही वर केली नाही.

दुसऱ्या दिवशी तिनं मूळ नमुना जसाच्या तसा आत घेतला. कुठं अडलं नाही. तरी राग धुमसतच होता. दुपारी तिनं आपल्या मशीनवरून बहिणीला लिहिलं. काकांच्या नावानं मनसोक्त बोटं मोडली आणि जाता जाता, घरी आईलाही न सांगितलेली एक गोष्ट सांगितली. बहिणीचं उत्तर आलं, तशी दोन्ही पत्रं पुसून टाकली.

शुक्रवारी साहेबांनी बोलावलं. स्वतः खुर्ची पुढे केली.

"छान काम केलंत. इतकी वर्षं ती डिस्क या मजल्यावर चालूच झाली नव्हती. वरचे खूश आहेत."

"थँक्यू, सर."

"आणि मंगळवारची रजा मोकळेपणानं मागा हं," साहेब हसले. "मुलाखतीला उशीर करू नकोस, असं बहिणीनं बजावलंय ना?"