शंभर टक्के

स्वस्तात मिळाले म्हणून भावजींनी दोन कार चार्जर आणले होते. एक स्वतःला, एक ह्यांना. ह्यांचा गाडीतच पेटला, तेव्हा फोन ह्यांच्या कानाला होता. त्यातच हे गेले.

आज भावजींच्या गाडीत बसले, तर दुसरा चार्जर समोरच दिसला.

“तो काढा आता.”

त्यांनी तो वायरीसकट उपसून माझ्या हातात दिला. मला काहीच वाटलं नाही. हल्ली वाटतच नाही.

स्टँडवरचा त्यांचा फोन मात्र चार्ज होतच राहिला. सत्त्याण्णव. अठ्ठ्याण्णव.

माझ्या मुठीतला चार्जर गरम व्हायला लागला.

भावजींनी गाडी बाजूला घेतली.

“वहिनी, शंभर झाले की दादाचा फोन येतो. मी कधीच उचलत नाही.”

फोन वाजला. मी तो कानाला लावला.