दाराजवळची काठी

"तुम्ही शेवटचे उभे कधी होतात?" तपासनीस बाईंनी विचारलं.

"परांचीवर," पलंगावरचा रंगारी म्हणाला. "खाली येईपर्यंतही उभाच होतो. जमिनीनं आडवा केला."

बाई हसल्या नाहीत. कचेरीत त्यांना सगळे चिमटा म्हणत. आजवर एकही लबाड त्यांच्या हातून निसटला नव्हता. आणि कागदावर खोटं अक्षर लिहायचं नाही, हा त्यांचा नेम होता. पहिल्या नोकरीपासून पाळलेला.

त्यांनी पांघरूण सारून पाय पाहिले. काड्यांसारखे होते. पण असल्या पायांनी दारापर्यंत जाऊन येणारी माणसं त्यांनी पाहिली होती.

"नियम सांगते," त्या म्हणाल्या. "चालता येत असेल तर भत्ता बंद. चालता येत नसेल आणि घरी सांभाळणारं धडधाकट माणूस असेल, तर भत्ता चालू. तेही नसेल, तर सरकारी संस्थेत खाट."

"संस्थेत बायकोला राहू देतात?" रंगाऱ्याची बायको चहा घेऊन येता येता म्हणाली.

"नाही. रविवारी भेटता येतं."

"अगं, रविवारी तरी तुझ्या बडबडीतून सुटका नको का मला?" रंगारी म्हणाला. "मॅडमच्या उजव्या हाताला ठेव कप."

बायकोनं कप ठेवला. चहा काठोकाठ होता, तरी बशीत थेंब सांडला नव्हता. घर तसंच होतं, लख्ख. औषधाच्या बाटल्या ओळीनं, टॉवेल खुंटीवर, चमचे दांड्या एका बाजूला करून.

"हे सगळं तुम्ही एकट्या करता?"

"करायला कोण आहे दुसरं? ह्यांना नुसते हुकूम सोडता येतात."

"आणि तुमची तब्येत?"

"मला काय धाड भरलीय!"

हे ती जमिनीकडे पाहत म्हणाली. मघापासून तिनं एकदाही नजरेला नजर दिली नव्हती. बाईंच्या अनुभवात अशी नजर चुकवणारी माणसं काहीतरी झाकत असत.

"पूर्वी शिवणकाम करत होता, असं इथं लिहिलंय. मग सोडलंत का?"

"ह्यांच्यातून वेळ कुठे मिळतो, मॅडम?"

"मशीन विकून टाकलं," रंगारी घाईनं म्हणाला. "अडगळ झाली होती."

बाई बाहेरच्या खोलीत आल्या. शेरा लिहायला उजेड हवा, म्हणून त्यांनी भिंतीजवळचं स्टूल ओढून दारासमोर घेतलं. बसता बसता त्यांची नजर कोपऱ्यात गेली. तिथं एक काठी टेकवलेली होती. लांब, सडपातळ. टोकाला ओला चिखल.

"काठी कोणाची?"



"माझीच," रंगारी आतून म्हणाला. "जुनी आहे. आमची ही त्या काठीनं जाळी काढते."

"जाळ्यांना चिखल असतो?"

"मोरीही मी त्या काठीनंच मोकळी करते," बायको म्हणाली. "चोंदते सारखी."

बाईंनी कागद मांडीवर घेतला. 'सांभाळणारी व्यक्ती' यापुढे त्यांनी 'धडधाकट' असं लिहिलं. त्याबद्दल त्यांच्या मनात शंका नव्हती. शंका होती ती पलंगावरच्या माणसाची. त्याच्या नावापुढची जागा त्यांनी कोरी ठेवली.

"मॅडम," आतून आवाज आला, "जाताना स्टूल भिंतीला लावाल ना? घर लहान आहे. पायात येतं."

"कोणाच्या?"



"आमच्या हिच्या. वेंधळी आहे जरा."

"हो बाई, मीच वेंधळी," बायको म्हणाली.

पलंगावरून न उठणाऱ्या माणसाला स्टुलाची एवढी काळजी! बाईंनी कागद पिशवीत ठेवला. आता त्यांचा नेहमीचा उपाय उरला होता. त्यानं भलेभले सापडले होते, एक तर नाचताना सापडला होता.

"येते मी," त्या मोठ्यानं म्हणाल्या. दार उघडलं आणि धाडकन लावलं. आतल्या बाजूनं. मग भिंतीला पाठ लावून श्वास रोखून उभ्या राहिल्या.

आत रेडिओ लागला.

"गेली?" रंगाऱ्याचा आवाज.

"गेली. दार आपटलेलं ऐकलं नाहीत? काठीचं विचारलं तेव्हा मोरी सुचली म्हणून बरं."

बाईंनी मान पुढे काढली. आता तो उठणार.

"मला वाटलं संपलं सगळं," रंगारी म्हणाला. "ये इकडे. उशी जरा वर घे. मला सरकता येत नाहीये."

उशी थोपटल्याचा आवाज आला. पलंग कुरकुरला नाही. कोणी उठलं नाही.

"तुमची गोळी आणते कोपऱ्यावरून," बायको म्हणाली आणि बाहेरच्या खोलीत आली.

लपायला जागा नव्हती. पेन विसरलं म्हणून परत आले, हे वाक्य बाईंनी तयार ठेवलेलं होतं. बायको समोर येऊन थांबली. दोघींमध्ये हातभर अंतर होतं. तिनं मान वर केली आणि सरळ बाईंच्या तोंडाकडे पाहिलं.

बाईंनी वाक्य म्हणायला तोंड उघडलं.

बायकोच्या चेहऱ्यावरची रेघही हलली नाही. तिनं त्यांच्या खांद्याशेजारून हात लांब केला, कोपऱ्यातली काठी न चाचपता उचलली, बगलेत धरली आणि केस सारखे करत झपझप दाराकडे निघाली. मधोमध स्टूल होतं.

बाईंनी पुढे होऊन ते उचललं आणि छातीशी धरलं. बायकोचा पदर स्टुलाला चाटून गेला. दार उघडलं. बाहेर काठी पहिल्या पायरीवर टेकली, मग दुसरीवर, एकेक पायरी शोधत खाली उतरत गेली.

बाईंनी स्टूल होतं तिथं, भिंतीला, आवाज न करता ठेवलं. 'धडधाकट' लिहिलेला कागद मात्र त्यांनी पिशवीतून बाहेर काढला नाही.