वर चढलेलं शेवटचं अक्षर

“खोटी आहे,” मर्लने भिंग खाली ठेवलं.

“खरी आहे!” शेजारच्या टेबलावरून अर्विन ओरडला.

दोघंही खेळाडूंच्या सह्या तपासून दाखला देणारे. कंपन्या वेगळ्या, टेबलं शेजारी. अमेरिकेतल्या टोलीडोच्या फायर स्टेशनच्या हॉलमध्ये सह्यांच्या शौकिनांचा मेळावा भरला की त्यांची जुंपायचीच. आज मध्ये सापडला होता नेल्डा प्रुइटचा बेसबॉलचा चेंडू. अर्विनने सकाळी पास केलेला, मर्लने आता नापास केलेला.

नेल्डा शाळेची बस चालवायची. चेंडू तिला विकायचा नव्हता. लहानपणी पाय मोडून ती प्लास्टरमध्ये पडली होती, तेव्हा तिने तो लॉयड काझमारेकला पत्रासोबत पाठवला होता. सही होऊन तो परत आला. एवढा मोठा खेळाडू आपल्यासाठी घटकाभर थांबला, या आनंदावर तिने तो अख्खा हिवाळा काढला. परवा भाऊ हसला, “वेडे, असल्या सह्या कुणीतरी कारकून ठोकतो. पत्रं कोण वाचतंय!” म्हणून ती आली होती.

“शेपूट बघ,” मर्ल म्हणाला. “काझमारेकचं शेवटचं अक्षर खाली घसरतं. हे वर चढलंय.”

“अरे, माणूस कधीतरी खुशीत असतो.”

“काझमारेक? खुशीत?”

“चष्मा बदल तुझा! टपालाने आलेल्या त्याच्या सह्यांची पेटी आहे आमच्याकडे. सगळ्या अश्शाच.”

काझमारेक आज सह्या द्यायला हॉलच्या टोकालाच बसला होता. ऐंशी ओलांडलेला, थोराड, आंबट चेहऱ्याचा. नेल्डाने चेंडू उचलला आणि तिकडे निघाली.

“त्यांना विचारून काय होणार, बाई?” अर्विन मागे धावला. “खेळाडूचा शब्द आम्ही धरतच नाही!”

“आम्हीही नाही,” मर्ल म्हणाला. त्या दिवसभरात त्यांचं एकमत झालं ते एवढंच.

काझमारेकने चेंडू हातात घेतला. बराच वेळ पाहिला.

“ही माझी नाही.”

मर्लने अर्विनच्या पाठीत थाप मारली. नेल्डाने हात पुढे केला. “असू दे. द्या इकडे.”

म्हाताऱ्याने चेंडू सोडला नाही. “टपालाने आला होता ना? सोबत काही होतं?”

“मोजा होता. लाल लोकरीचा, एकच. प्लास्टरबाहेर बोटं गारठतात असं मी पत्रात लिहिलं होतं.”

काझमारेक चक्क हसला. “म्हणजे ती मुलगी तू! मी विचारलं होतं, एकच का विणतेस? तर म्हणाली, दुसरा पाय धडधाकट आहे तिचा.”

“कोण म्हणाली?”

“अर्लीन. माझी बायको. मी सामन्यांसाठी सदा बाहेरगावी. टपाल तीच बघायची, स्वयंपाकघरात बसून. मी सांगायचो, नाव टाक आणि दे पाठवून. पण पूर्ण पत्र वाचल्याशिवाय ती पेनच उचलायची नाही.”

नेल्डाचा चेहरा खुलला. अर्विनचा उतरला. “म्हणजे आमची ती पेटी...”

“सगळी तिची. म्हणून तर माझी खरी सही तुमच्याकडे नापास होते!”

मर्ल हसता हसता खुर्चीवर बसला. काझमारेक मात्र त्या वर चढलेल्या अक्षरावरून अंगठा फिरवत राहिला.

“दोन वर्षं झाली तिला जाऊन,” तो म्हणाला. “तिच्या हातचं अक्षर घरात कुठे उरलं नाही. लिहायची ती माझंच नाव, आणि तेही टपालाने निघून जायचं.”

“मग ठेवा तुम्ही हा.”

“छे! तुला पाठवलाय तिने.” त्याने चेंडू नेल्डाच्या तळहातावर ठेवला. मग उठला, माइकपाशी गेला आणि घसा खाकरला.

“मंडळी, कुणाकडे माझी खोटी सही असेल तर घेऊन या. खरी बदलून देतो.”