कालिंदीबाईंची टपली

कालिंदीबाईंचे हातमोजे घालून इरफान मुल्लाने दिगंबररावांच्या मानेकडे हात नेले, तर मोज्यांनी आधी त्यांच्या डोक्यात टपली मारली.

"सॉरी काका, मी नाही मारली."

"माहीत आहे मला."

सांगलीत फिजिओथेरपिस्टांच्या उजळणी वर्गाची आज परीक्षा होती. समोरच्याची आखडलेली मान मोकळी केली तरच लायसन्स पुढे चालू राहणार होतं. नावाजलेल्या थेरपिस्ट कालिंदीबाई मागच्या वर्षी गेल्या, पण त्यांच्या हातांची हालचाल या मोज्यांत भरून ठेवली होती; मोजे घालणाऱ्याचे हात तसेच हलवत. राज्यभरचे थेरपिस्ट त्यावरूनच शिकत. सरावाला मान मात्र त्यांच्या नवऱ्याची, दिगंबररावांची असे.

"थांब, ही टपली काढूनच टाकते," वर्ग घेणाऱ्या शलाकाताई म्हणाल्या. "पेशंट तक्रार करतात."

त्यांनी मोज्यांतून टपली पुसली. इरफानने पुन्हा सुरुवात केली. बोटं अगदी बरोबर जागी पडत होती, पण मान हलेना. त्याला घाम फुटला.

"काका, सैल सोडा ना. लायसन्स जाईल माझं."

"मुद्दाम नाही रे करत. मोजे भरताना पण मी असाच ताठ बसायचो. मग ती टपली मारायची, मला हसू यायचं आणि मान सुटायची."

शलाकाताईंनी टपली परत घातली. ती डोक्यात बसली, दिगंबरराव हसले आणि मान सैल पडली. इरफान पास झाला.

"पुढचं कोण?" शलाकाताईंनी विचारलं.

दिगंबररावांनी घाईघाईने मान पुन्हा ताठ केली.