टिकलीमागचा दिवा

सासूबाई जिना उतरून यायच्या आत काम उरकायचं होतं. श्वेता ड्रायव्हरच्या जागेवर बसली आणि तिनं किल्ली फिरवली. नेहमीसारखा तो पिवळा दिवा पेटला. कढईसारखं चित्र, आत उद्गारचिन्ह. तिनं कपाळावरची मोठी मरून टिकली काढली आणि स्पीडच्या काट्याशेजारी, काचेवर बरोबर नेम धरून चिकटवली. कढई झाकली गेली. काळ्या पट्टीवर टिकली पटकन दिसतही नव्हती.

टायरांत हवा ठीक होती. काल साकीनाक्याच्या गॅरेजवाल्याने चारही टायर तपासून दाखवले होते. हवा मोजणारा सेन्सरच गेला होता, आणि तो पार बंद करायचा म्हटलं तर त्याच्या जागी दुसरा दिवा पेटतो म्हणे. "चिकटपट्टी लावा नि विसरून जा, मॅडम," तो म्हणाला होता.

हे सासूला, मालनला, समजावून झालं होतं. पण तिचं म्हणणं एकच. नवरा, दत्ताराम, असताना हा दिवा कधी पेटला नाही, तो गेल्यावर पेटला, म्हणजे त्याची गाडी तिला नको म्हणते. ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीवर बिनधास्त परीक्षा देऊन लायसन काढलेली ही बाई, नवऱ्याच्या गाडीत मात्र दिवा दिसला की गेटपासूनच मागे फिरून, किल्ली काढून खाली उतरायची. शेवटी श्वेताचा नवरा राजेश कंटाळला. आम्ही दोघं मेट्रोने जातो, आई चालवत नाही, मग ठेवायची कशाला? त्याने गिऱ्हाईक शोधलं. ते आज संध्याकाळी गाडी बघायला येणार होतं. मालनने मुलाला नाही म्हटलं नव्हतं. ती फक्त रोज सकाळी खाली जाऊन गाडी पुसत होती.

आता ती आली तशी श्वेता बाजूच्या सीटवर सरकली. मालनने चपला काढून मागे ठेवल्या, स्टिअरिंगला हात लावून नमस्कार केला आणि डोळे बारीक करून समोर पाहिलं.

"कढई पेटली नाय आज?"

"गॅरेजवाल्याने बंद केली, आई."

मालनने वळून सुनेकडे पाहिलं. "आणि तुझी टिकली खंय गेली?"

"पडली असेल जिन्यात."

मालनने आरसा सारखा केला. दत्ताराम गेल्यापासून तिचं स्वतःचं कपाळ मोकळंच असे. तसं तिला कोणी सांगितलं नव्हतं, आणि लाव गं, असंही कोणी म्हटलं नव्हतं.

गेटपाशी वॉचमन धोंडिराम खुर्चीतून उठलाच नाही. ही गाडी गेटपर्यंत येते आणि परत जागेवर जाते, हे त्याला ठाऊक होतं. मालनने हॉर्न दिला. तो तरी बसलेलाच. तिनं दुसऱ्यांदा जरा लांबवून दिला, तेव्हा तो धडपडत उठला आणि गेट उघडता उघडता त्याची टोपी पडली.

पंतनगरच्या गल्लीत मालन श्वास रोखून होती. चेंबूरच्या दिशेला लागल्यावर तिनं एका रिक्षावाल्याला मनापासून शिवी दिली, तेव्हा श्वेताच्या जिवात जीव आला. दत्तारामच्या शिव्याही इथूनच सुरू व्हायच्या.

सिग्नल लागला. मालनने गाडी नीट रेघेच्या अलीकडे थांबवली. हात मांडीवर पुसले. मग तिची नजर काट्याशेजारी गेली.

"ही बघ तुझी टिकली," असं म्हणत तिनं नखाने ती सोडवली.

मागे कढई पिवळीधमक पेटलेली होती.

मालन बघत राहिली. "गेटपासून पेटलेलीच होती ही?"

"हो."

"म्हणजे फसवलंस माका."

"फसवलं," श्वेता म्हणाली. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आता ही इथेच, भर रस्त्यात उतरणार आणि संध्याकाळी गाडी जाणार.

मालनचा हात किल्लीपर्यंत गेला. तेवढ्यात सिग्नल सुटला. मागच्या टेम्पोने हॉर्न धरला तो सोडेचना. मालनने आरशात पाहिलं, समोरचा मोकळा रस्ता पाहिला, मग पुन्हा कढईकडे. गिअर टाकायला हात मोकळा हवा होता आणि बोटावर टिकली होती. खाली टाकली तर वाया जाणार. तिनं ती कपाळाला लावली, आंघोळ झाल्यावर इतकी वर्षं लावत आली होती तशी, न बघता. मग क्लच दाबून पहिला गिअर टाकला.

गाडी निघाली. टेम्पोवाला बाजूने काहीतरी ओरडून पुढे गेला.

दोन सिग्नल मागे पडले.

"पेटलेली आसताना पण चालता गो ही," मालन शेवटी म्हणाली.

श्वेताचा फोन वाजला. तिनं स्पीकर लावला. राजेश चिडलेला होता. गिऱ्हाईक संध्याकाळऐवजी आत्ताच येऊन खाली उभं होतं, गाडी जागेवर नव्हती, किल्ली सापडत नव्हती, आणि धोंडिराम म्हणत होता की आई गाडी घेऊन गेली. हा माणूस सकाळीच प्यायलाय का, असं राजेश विचारत होता.

"नाही," श्वेता म्हणाली. तिनं सासूकडे पाहिलं.

मालनने रस्त्यावरची नजर काढली नाही. "त्यांका चाय पाज," ती मोठ्याने म्हणाली, "आणि सांग, गाडी वापरात आहे."

श्वेताने फोन ठेवला. मालनच्या कपाळावरची टिकली जरा डावीकडे बसली होती. सरळ करायला तिनं हात उचलला, पण मालन आरशात बघून लेन बदलत होती, म्हणून तिनं तो परत खाली घेतला.