चार वाकडे पाय

ऑक्टोपस काढायची चित्रकलेच्या बाईंची युक्ती सोपी होती. दोन्ही पंजे कागदावर ठेवायचे, अंगठे आत दुमडायचे आणि शेजारच्याने भोवती पेन्सिल फिरवायची. कागद उलटा केला की आठ बोटांचे आठ पाय. गुदगुल्यांनी अर्धा वर्ग लोळत होता. तेवढ्यात पहिल्या बाकावरच्या चोंबडीने फळ्यावर डकवलेल्या नमुन्याकडे बोट दाखवलं. “बाई, तुमच्या ऑक्टोपसचे चार पाय छान आलेत, मग हे चार असे वेडेवाकडे का?” बाई हसल्या. “उजवा हात डाव्या हातानेच गिरवावा लागला गं. घरी पेन्सिल फिरवायला दुसरं आहे कोण?” चोंबडीने कपाळाला आठ्या घातल्या, कोरा कागद टेबलावर पसरला आणि बाईंचा उजवा हात ओढून त्यावर घट्ट धरला. पेन्सिलने करंगळी ओलांडली, तसा हात थरथरू लागला. “हलू नका ना, बाई, नाहीतर हेही वाकडेच येतील!”