उलटी पोती

"साहेब, पोती उलटी करून शिवली तर चालतील का?" म्हाताऱ्या शिंप्याने विचारलं, आणि गोदामातले सगळे त्याच्याकडे बघायला लागले.

दुधाच्या पावडरची तीनशे पोती निर्वासितांच्या छावणीच्या फाटकाशी अडली होती. पोत्यांवर छापलेला झेंडा शेजारच्या देशाचा, आणि इथल्या सरकारचा त्या देशाशी उभा दावा. तो झेंडा छावणीत दिसता कामा नये म्हणे. भांडण थोरामोठ्यांचं, उपाशी मात्र पोरं. शिंप्याची नात अडीच महिन्यांची. सीमा ओलांडताना तिच्या आईचं दूध आटलं ते आटलंच. चार दिवस पोर साखरपाण्यावर होती. आता तर रडायचंही विसरली होती.

मदतसंस्थेचे साहेब भला माणूस. हातापाया पडून त्यांनी परवानगी आणली. "पण बाबा, आतली एक पिशवी जरी फुटलेली दिसली, तर सगळा माल परत जाईल."

"नाही फुटणार."

शिंपी फाटकाबाहेरच्या गोदामात बसला. पोतं उसवायचं, पावडरची पिशवी बाजूला ठेवायची, कापड उलटं करायचं, पुन्हा टाके घालायचे. रात्रभर सुई चालली, बोटं सोलवटली. पावडर हाताशी होती आणि नात फाटकापलीकडे, हाकेच्या अंतरावर. मूठभर घेतली असती तर कोणाच्या बापाला कळलं असतं? पण तो शब्दाला जागला. दुसऱ्या दिवशी दुपारी शेवटचं पोतं शिवून झालं.

तेवढ्यात माल पाठवणाऱ्या देशाचा अधिकारी फोटोवाल्याला घेऊन आला. कोरी पोती बघून त्याचं तोंड कडू झालं.

"आमचा झेंडा कुठाय? फोटोत झेंडा नाही, तर वाटपही नाही."

इकडे आड, तिकडे विहीर. शेवटी असं ठरलं, की पोती सुलटी करायची, बाहेरच फोटो काढायचा, मग पुन्हा उलटी करून आत न्यायची. हे बाबांना सांगताना साहेबांची मान वर होईना. म्हाताऱ्याने पहिलं पोतं पुन्हा उसवायला घेतलं.

चाळीसएक पोती झाली असतील. त्याची लेक दारात येऊन उभी राहिली. पहारेकऱ्यानेही तिला अडवलं नव्हतं. तिच्या हातातली पोर हलत नव्हती.

गुंडाळायला छावणीत धड कापड कुठलं? साहेबांनी एका पोत्यातली पिशवी काढली आणि रिकामं कापड म्हाताऱ्यापुढे धरलं.

म्हाताऱ्याने ते मांडीवर पसरलं, सुईत दोरा ओवला आणि वर बघितलं.

"साहेब, झेंडा आत ठेवू की बाहेर?"